तळ्यावरची माझी जागा

सोमवारी सकाळी वीजघराच्या फाटकात गोविंदतात्या मला गाठायचे आणि म्हणायचे, "काल तुजा दगड ठेवलाय बरं का. चांगला सपाट गावला."

ऐकणाऱ्याला वाटावं, माझं कुठे घर बांधणं चाललंय. कसलं घर! भिवपुरीच्या आमच्या वीजघराला पाणी येतं ते वरच्या डोंगरातल्या तळ्यातून. तात्या तिथले फिटर, मूळचे दहिवलीचे. सहा दिवस त्या पाण्याच्या नळांशी झटून त्यांचं मन भरत नसे, म्हणून सातव्या दिवशी ते पाणी येतं कुठून ते बघायला पायी निघायचे. नळांच्या कडेने चढण, मग कारवीच्या झुडपांतून खिंड, आणि पुढे तळ्याच्या काठाकाठाने लांबलचक पायवाट. पावसाचे महिने सोडले तर एक रविवार चुकला नाही. एकट्याने जाणं मात्र त्यांना पटत नसे. "वाटंला बोलाया मानूस लागतं रं," म्हणायचे.

म्हणून शनिवारी संध्याकाळी ते दारोदार आमंत्रण देत फिरत. त्यांचा खोकला ऐकू आला की अख्खी वसाहत एकदम आजारी पडायची. कुणाची कंबर धरलेली, कुणाकडे पाहुणे. आमचे हेडक्लार्क एकदा घाईघाईने खाटेखाली शिरले, तर तात्या त्याच खाटेवर बसून त्यांच्या बायकोशी अर्धा तास बोलले.

मी भिडस्त. "येतो की तात्या, नक्की!" असं दर शनिवारी म्हणायचो, आणि पहाटे त्यांनी कडी वाजवली की पांघरूण डोक्यावर ओढायचो. ते तीनदा वाजवत. मग "झोपू दे, दमला आसंल," असं पुटपुटत निघून जात. मला ऐकू यायचं. लाज वाटायची, आणि झोपही लागायची.

येतो म्हणून जो आला नाही, त्याच्या नावाचा दगड तात्या तळ्याकाठी ठेवत. "बोलला म्हंजे मनानं आलाच की," हा त्यांचा न्याय. आम्ही पोट धरून हसायचो.

नऊ वर्षं हे चाललं. मग तात्यांची निवृत्ती आली. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. खालापूरला पुतण्याकडे राहायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी ते माझ्या दारात आले, पण आमंत्रण दिलं नाही. "उद्याचा शेवटचा. गुडघं नाय म्हनतात आता. तळं कुनाला तरी दावायचं तेवडं राह्यलं," एवढंच बोलले आणि गेले.

त्या पहाटे कडी वाजलीच नाही. मी चपला हातात घेऊन धावत सुटलो आणि नळांच्या पायथ्याशी त्यांना गाठलं. तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आलास व्हय?" म्हणाले, आणि चालू लागले.

चढणीवर मी दहा वेळा बसलो. दर वेळी तात्या म्हणायचे, "ह्यो चढ नाय रं, नुसता दिसतो तसा."

तळ्याच्या काठाने जाताना दगड दिसू लागले. "ह्यो हेडक्लार्क. एकदाच चुकून व्हय म्हनला." पुढे एका वळणावर जांभळीखाली चक्क सपाट दगडांचा ओटा होता, दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा.

"हा कुणाचा?"

"तुजाच की! तू कधी नाय म्हनलाच नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस. मी हितंच बसून भाकरी खातो. लय बोललोय तुज्याशी. ही गेली तवाचं, मागचं, पुढचं, समदं."

फडकं सोडलं, तर भाकऱ्या दोन. "तू येतो म्हनायचास ना," ते म्हणाले. "एक परत न्यायचो."

आम्ही शेजारी शेजारी बसलो. आता खरा माणूस जवळ आला, तर तात्यांना काही सुचेना. तोंड उघडायचे आणि मिटायचे. पाण्यावरून वारा येत होता. शेवटी मीच विचारलं, "तात्या, मी काय बोलायचो हो इथे?"

"तू?" तात्या हसले. "तू काय बोलनार! तू लय चांगलं ऐकायचास."

मी म्हटलं, "खोटं आहे ते. माझं लक्षच नव्हतं. पहिल्यापासून सांगा."

तात्यांनी भाकरी फडक्यावर ठेवली, तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली.