खडकाला बांधलेला जावई

"कुणी पाय हलवायचा नाही!" गोकुळ ओरडला. बायको रंजना आणि सासू फागी जागच्या जागी थिजल्या. तिघं नुकतीच रिक्षातून उतरली होती आणि समुद्र अजून झाडांच्या मागे होता.

जामसरच्या गोकुळने लहानपणी शेळीसाठी बिबट्याशी ओढाओढ केली होती, असं तो स्वतःच सांगे. पण रेल्वे आणि समुद्र ही दोन श्वापदं जव्हार तालुक्यात नाहीत, आणि इथे ती शेजारी शेजारी पसरलेली. आधी रूळ, मग पुळण, मग नुसतं पाणी. एरवी तो जव्हारच्या कचेरीतली खुर्ची सोडून कशाला आला असता? पण शेजारच्या रामीने समुद्र पाहिला होता आणि फागीला वर्षभर जेवण गोड लागत नव्हतं. ही जागा मेहुण्याने सुचवली. "दाजी, तिथं चिटपाखरू नसतंय." का नसतं, हे दाजींनी विचारलं नाही.

रुळांखालून पलीकडे जायला एक मोरी होती. तिघं मोरीत शिरली आणि डोक्यावर मालगाडी आली. गाडी एवढी लांब, की इंजिन सुरतेला पोचलं तरी शेवटचा डबा विरारलाच असावा. गोकुळ दोन्ही कान दाबून खाली बसला.

"गेली का?"

"कवाच गेली," रंजना म्हणाली. "आता थरथरताय ते तुम्ही."

किनाऱ्यावर खरोखरच चिटपाखरू नव्हतं. पाण्याजवळ एक काळा खडक होता. गोकुळने पिशवीतून अंबाडीचा कासरा काढला. पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना जामसरची माणसं एकमेकांना दोर बांधून जातात. त्याने तर एक टोक खडकाच्या बुडाशी बांधलं आणि दुसरं स्वतःच्या कमरेला, पँटच्या पट्टा अडकवायच्या फासांतून ओवून.

"मधला दोर तुम्ही दोघींनी धरायचा. आता समुद्राचा बाप आला तरी नेत नाही!"

तिघं खडकावर बसून नाचणीची भाकरी खाऊ लागली. फागीने पाण्याकडे बोट केलं. "जावयबापू, पाणी जवळ आल्यागत वाटतंय."

"भास होतोय, आई. आभाळ बघा, कोरडं ठणठणीत. डोंगरात पाऊस नाही, मग पाणी चढेल कुठून? चढते ती नदी. समुद्र आपल्या जागेवर असतो. कचेरीतल्या नकाशात मी रोज बघतो."

जावई शिकलेला, म्हणून फागी गप्प बसली. पाणी अशिक्षित होतं, ते येत राहिलं. आधी रंजनाची चप्पल गेली, मग भाकरीचं फडकं. वळून पाहिलं तर खडक आणि किनारा यांच्यामध्ये गढूळ पाणी खळखळत होतं.

"पळा!"

दोघी बायका लुगडी खोचून कमरेएवढ्या पाण्यातून निघाल्या. गोकुळही निघाला आणि दोर ताणताच खुंट्याच्या बैलासारखा मागे खेचला गेला. खडकाची गाठ पाण्याखाली गेली होती. कमरेची गाठ भिजून फुगली होती. एक लाट छातीवर आली, दुसरी तोंडात शिरली.

"रंजने!" त्याचा आवाज फाटला. "घरच्या पोरांना सांभाळ गं!"

 रंजना मागे वळली, पण तिच्याआधी फागी पोचली होती. म्हातारीने गाठ चाचपली, दातांनी ओढली. गाठ हलेना.

"पँट सोडा!"

"आई, काय बोलताय! जावई आहे मी!"

"जावई जित्ता पायजे का पँटवाला? सोडा म्हणते ना!"

फागीने रीतीप्रमाणे डोक्यावरून पदर ओढला, तोंड फिरवलं आणि हात तेवढा मागे करून जावयाला धरलं. रंजनाने दुसरा हात धरला. लाट आली, दोघींनी हिसका दिला आणि गोकुळ सोललेल्या केळ्यासारखा बाहेर आला. पँट खडकापाशी राखणीला राहिली.

मोरी आता पाण्याने तुडुंब भरली होती. तिघं धडपडत रुळांच्या भरावावर चढली. गोकुळने रुळाकडे पाय उचलला, तोच कर्कश शिट्टी वाजली.

"मरायचंय का? खाली बसा!"

हातात झेंडे घेतलेला गँगमन धावत आला आणि त्याने तिघांना भरावाच्या उतारावर दाबून बसवलं. पुढच्याच श्वासाला गाडी आली. जमीन हादरली, वाऱ्याने फागीचा पदर उडाला, गोकुळचे दात एकमेकांवर आपटले. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला कारकून बघायला खिडक्याखिडक्यांतून माणसं वाकली. एका पोरीने टाटा केला. गोकुळनेही भीतीच्या भरात टाटा केला.

गाडी गेल्यावर गँगमनने दोन्हीकडे पाहिलं, तिघांना रुळांपलीकडे नेलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "वस्तीवर विचारायचं तरी, की पाणी कधी भरतं! रुळावर तर पायच ठेवायचा नाही. कुठून येतात अशी माणसं?"

 रंजनाने आपली ओढणीवजा शाल गोकुळच्या कमरेला गुंडाळली, डोळे पुसले आणि गाल वाजतील इतक्या जोरात त्याच्या गालावरून हात फिरवला.

फागी मात्र पदर पिळत शांत उभी होती.

"जावयबापू, जीव वाचला, देवाची किरपा," ती म्हणाली. "लई वंगाळ नदी व्हती ही. चढली बघा कशी! चला आता, ऊन हाय तवर समुद्र दाखवा."