सत्तावन्न गाद्या आणि एक गव्हाण

मुलांना नाताळचा अर्थ शिकवावा तर तो माझ्यासारख्यानंच, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, अकरा दिवस होतं.

आमच्या संडे स्कूलमध्ये पाळकीणबाई दर डिसेंबरात मुलांना तारे रंगवायला देतात. मुलं तारे रंगवतात, शेजारच्याचा सदरा रंगवतात आणि घरी जातात. यंदा मी भर सभेत उठलो आणि म्हणालो, "बाई, रंगीत खडूनं कुणाला प्रभू कळलाय का? हातांनी केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही! मुलं माझ्या दुकानात पाठवा."

"गाद्यांच्या दुकानात?"

"मग! गव्हाणीतल्या बाळाला अंथरूण लागलंच ना? हा विषय माझ्या धंद्यातला आहे!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कशाबशा हो म्हणाल्या. बायको वाटेत म्हणाली, "स्वतःची पोरगी ऐकत नाही, आणि लोकांची घेऊन बसणार!" मोठ्या कामातलं तिला काही कळत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

चार मुलं आली. प्लंबरची जुळी, पाळकांचा नातू आणि आमची सात वर्षांची भिंगरी. ती एका जागी दोन मिनिटं बसली तर आम्ही ताप बघतो, म्हणून भिंगरी. मी खोक्याच्या फळ्यांची गव्हाण ठोकली, तिच्या मापाची खोळ शिवली आणि पिंजलेल्या कापसाचं पोतं पुढ्यात ओढलं.

"ऐका! मरिया आणि योसेफ दारोदार फिरले. सगळीकडे एकच उत्तर, जागा नाही! म्हणून राजांचा राजा कुठं जन्मला?"

"गोठ्यात!" सगळी ओरडली.

"शाब्बास! देव कुणाच्यात आला? ज्यांना कुणी जागा दिली नाही, त्यांच्यात. तेव्हा आपण काय करायचं? ज्याला कुणीतरी जागा नाही म्हटलंय, असा माणूस शोधायचा आणि त्याला आत घ्यायचं. एका माणसामागं कापसाची एक मूठ या खोळीत. बाळाची गादी तुमच्या कामांनी भरायची!"

मला स्वतःलाच भरून आलं. पाळकसाहेबांना वीस वर्षांत असा उपदेश जमला नसेल! तेवढ्यात फोन वाजला. आक्का होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, जूनमध्ये निवृत्त झाली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, मला तिनंच वाढवलं. बाई सोन्यासारखी आहे, पण घरात आली की घराचा वॉर्ड करते! पहाटे पाचला प्रार्थना, चादरीचे कोपरे ताठ, सगळ्यांचे कान तपासायचे, माझे आधी. आणि घोरणं असं, की खिडकीची तावदानं थरथरतात.

"यंदा पहिल्यांदाच नाताळला ड्यूटी नाही रे," ती म्हणाली. "येऊ का आठ दिवस?"

"अगं आक्का, नेमकं रंगकाम काढलंय बघ! सामान सगळं बाहेर, पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या वर्षी नक्की ये!"

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी वळलो, तर भिंगरी गाद्यांच्या ढिगावर पालथी पडून माझ्याकडे टक लावून बघत होती.

मुलं मात्र कामाला लागली ती अशी, की विचारू नका! डॉक्टरांच्या कंपाउंडरनं 'आता नंबर संपले' म्हणून परत पाठवलेल्या तीन पेशंटना जुळ्यांनी मागच्या दारानं आत सोडलं. डॉक्टर जेवत होते. पाळकांच्या दारावर 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे. नातवानं ती वाचली, त्याला त्या विक्रेत्यांचं वाईट वाटलं, आणि त्यानं एकाला थेट बैठकीत नेऊन बसवलं. तो गृहस्थ तीन तास हलला नाही! जाताना पाळकसाहेबांच्या गळ्यात जमीन पुसायचं यंत्र मारून गेला.

मग जुळ्यांनी खाटकानं हाकललेला एक लंगडा कुत्रा दुकानात आणला. तो नमुन्याच्या गादीवर चढला, तीन गिरक्या घेतल्या आणि झोपला. उठवायला गेलं की दात दाखवी.

"काका, कुत्र्याची मूठ धरायची ना?" जुळ्यांतला एक म्हणाला.

"माणूस म्हटलं होतं मी!"

"पण गोठ्यात जनावरंच तर होती!"

घातली मूठ. खोळ इतकी फुगली, की बाहुलीचा केलेला बाळ येशू वर ठेवला तरी घरंगळून खाली यायचा. भिंगरीच्या नावावर मात्र एकही मूठ नव्हती. शिक्षकाचीच पोरगी नापास! विचारलं तर म्हणायची, "माझं चाललंय."

नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी दुकानातच कार्यक्रम ठेवला. पाळकसाहेब, पाळकीणबाई, प्लंबर, सगळे गाद्यांवर ओळीनं बसले. मी गव्हाणीवर हात ठेवून म्हणालो, "बाई, यातली मूठ न् मूठ खरी आहे. तारे रंगवून हे झालं असतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते यंत्रही घरात आलं नसतं."

मग एकेक मूल पुढं येऊन आपलं काम सांगू लागलं. शेवटी भिंगरी उठली.

"मला दोन मुठी पाहिजेत. माझा माणूस मोठा आहे."

"सांग बेटा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग!" मी म्हणालो. हो, मीच म्हणालो!

"मी आक्काआत्याला फोन केला. पप्पा तिला म्हणाले होते, जागा नाही, रंगकाम चाललंय. रंगकाम काही चाललेलं नाही. आणि आमच्याकडे सत्तावन्न गाद्या आहेत. मी मोजल्या."

पाळकसाहेब छताकडे बघू लागले. बायकोनं पदर तोंडाला लावला, रडायला नव्हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि नेमकं तेव्हाच दार ढकलून, हातात बॅग घेऊन, आक्का आत आली.

"कुठला रंग लावलास रे?" ती म्हणाली.

"पांढरा," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं! पितळ उघडं पडलं तरी माणूस कल्हई लावायला बघतो.

आक्का हसली नाही. बॅग खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, माझं घोरणं नडलं. म्हणून यायच्या आधी कुशीवर झोपायची सवय केली आठ दिवस."

एवढंच. मला कुणी सणसणीत मुस्काटीत दिली असती तर बरं वाटलं असतं. गोवर आला तेव्हा ही बाई ड्यूटीवरून येऊन माझ्या खाटेशी जमिनीवर झोपायची, आणि मी हिला जागा नाही म्हणालो होतो! वाकून बॅग उचलली, तर डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना दिसलं. दिसू दे.

"चुकलो आक्का," मी म्हणालो.

"कान दाखव," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत माझा कान धरला. तपासायला नव्हे!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पांढऱ्या रंगाचे दोन डबे, ब्रश आणि आक्का. "रंगकाम चाललंय म्हणालास ना? मग चालू दे. हातांनी केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, असं तूच शिकवतोस म्हणे."

तर सध्या मी शिडीवर आहे. सामान सगळं बाहेर, घरात खरोखर पाय ठेवायला जागा नाही! मघाशी मेहुण्याचा फोन आला, बायकापोरांसकट येऊ का म्हणून. मी अगदी प्रभूला स्मरून खरं तेच सांगितलं, "अहो, रंगकाम चाललंय..."

खालून भिंगरीनं फोन ओढला. "मामा, या! सगळे या!" आणि ती कापसाच्या पोत्याकडे पळाली. पाच मुठी!

येऊ देत. आता गाद्या छप्पन्नच आहेत म्हणा, एक कुत्र्याची.