ज्याची हाक त्याचीच ओ

बिराजदार सरांना हाक मारली की ते मान वर न करता उजव्या हाताचं बोट वर करतात. म्हणजे हाक पोचली, ओ हातातलं काम संपल्यावर मिळेल. एकदा स्टाफरूममध्ये साप निघाला. आम्ही सगळे टेबलावर चढून "सर, सर" म्हणून ओरडत होतो. सरांचं बोट वर आणि डोळे पेपरात.

सर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, मी गणित. बोटाचं कारण विचारायची चूक मी एकदा केली.

"कॉम्प्युटरात आत कर्नल असतो, सगळ्यांचा कारभारी," सर म्हणाले. "त्याच्या हाताखाली राबणारे ते थ्रेड. एखाद्या थ्रेडला सिग्नल, म्हणजे हाकच की, आला तर कर्नल त्याच्या नावापुढं नुसती खूण करून ठेवतो. थ्रेड कर्नलकडचं काम उरकून परत निघाला की उंबऱ्यावर खूण बघतो आन् मग ओ देतो. घाई कशाला?"

एका पोरानं परीक्षेत या कर्नलला सीमेवर लढायला पाठवलं होतं. सरांनी त्याला एक मार्क दिला, देशभक्तीचा.

"समद्या घराला मारलेली हाक कुणीबी घ्यावी," सर पुढं म्हणाले, "पण नावानं मारलेली ज्याची त्यानंच घ्यायची."

"आणि तो थ्रेडच संपलेला असला तर?"

"तर कर्नल सरळ सांगतो, असा कुणी न्हाय इथं. खोटी ओ चालत न्हाय."

हे ते अक्षरशः पाळत. एकदा बाहेरून कुणी "बिराजदार सर" म्हणून हाक मारली आणि मी चांगुलपणानं "ओ" म्हणालो, तर त्या दिवशी सर माझ्याशी बोलले नाहीत.

मुरुम गावातल्या घरी सर आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. आईला अलीकडे विसरायला होतं, एवढं ऐकून होतो. परवा पेपर तपासायला मी त्यांच्याकडे गेलो. सर अगदी बेरजेत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"दत्तू, आरं दत्तू, जेवलास का बाळा?"

बोट वर गेलं नाही. बेरीज अर्धी टाकून सर उठले. "ओ आई, आलो."

बऱ्याच वेळानं बाहेर आले. मी काही विचारलं नव्हतं.

"दत्तू माझा थोरला भाऊ. जाऊन लई वर्सं झाली. पयल्यांदा तिनं अशी हाक मारली तवा म्या खरं सांगितलं, दत्तू न्हाय म्हणून. आत्ताच गेल्यासारखी रडली. घास घेतला न्हाय. तवापास्नं मीच दत्तू."

"आणि तुमच्या नावाची हाक?"

सर पेनाचं टोपण शोधत राहिले. "ती येत न्हाय आता. आपल्याला महादेव म्हणून एक पोरगा हाय, हे तिच्या ध्यानातच न्हाय."

मला फार वाईट वाटलं. कॉलेजात ते सगळ्यांचे सर, गल्लीतही सर. त्यांचं नाव घेणारं ते एकच माणूस होतं.

निघालो. फाटकाशी पोचल्यावर राहवेना. वळून मोठ्यानं हाक मारली, "महादेव!"

"ओ," सर लगेच म्हणाले, आणि पेपर तसेच टाकून पायरीपर्यंत आले. हाक कशाला मारली, ते त्यांनी विचारलं नाही.