उरल्याचा काटा आणि आतला माणूस

सकाळी अकरा वाजता उरला ह्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलचा वजनकाटा थांबला. काट्यावर सळयांनी भरलेला ट्रक उभा होता, पडद्यावरचा आकडा गोठला होता आणि मागे फाटकापर्यंत ट्रकांची रांग लागली होती. थोड्या वेळाने काट्याचा प्रोग्राम आपणहून कोसळला, आपणहून पुन्हा सुरू झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढचा ट्रक मोजू लागला. आठवडाभर रोज हेच चाललं होतं.

ही खबर शहरात शंकर नगरातल्या सॉफ्टवेअरच्या कचेरीत पोचली, तेव्हा नीलकंठ उमाळे कौमुदीला आपली ओळख करून देत होते. कौमुदी दोन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. पण नवं प्रकरण हाती घेताना आधी ओळख द्यायची, अशी त्यांची शिस्त होती.

"सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा," ते म्हणाले. "पिंडाने मी शोधक. अकोल्यात शेजाऱ्याची हरवलेली सायकल मी नुसत्या विचारशक्तीवर हुडकली."

सायकल शेजाऱ्याच्याच परसात होती आणि ती शेजाऱ्यालाच सापडली, हे ते सांगत नसत. ते त्यांच्या बायकोने सांगितलं होतं. इथलं राज्य नवं, राजधानी नवी, तेव्हा मोठे गुन्हेही लवकरच येतील आणि मग सरकारला आपली आठवण होईल, अशी त्यांची पक्की समजूत होती. तोवर ते किरकोळ कामं पाहत होते.

काट्याचा प्रोग्राम कौमुदीचा होता. वर्षभर खपून तिने तो एकटीने लिहिला होता, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं की उरल्याचा काटा आमच्या पोरीच्या हुकमाने चालतो. कचेरीचे मालक अच्युतराव यांनी मात्र सकाळीच तिला बजावलं होतं. शुक्रवारी मिलचे मॅनेजर साहूजी स्वतः काट्याशेजारी खुर्ची टाकून बसणार. त्यांच्यासमोर काटा एकदा जरी थांबला, तरी मिल जुना प्रोग्राम परत लावणार आणि कौमुदी दुसऱ्या दिवसापासून प्रिंटरच्या तक्रारींचे फोन घेणार.

काटा कुठे अडतो हे तिला ठाऊक होतं. प्रत्येक ट्रकची माहिती आणि फोटो प्रोग्राम आपल्या मेमरीत घेतो. ट्रक गेला की तो सगळा कचरा. तो उचलायला, प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला तिचाच एक झाडूवाला असतो. झाडत असताना तो घरातल्या सगळ्यांना जागच्या जागी उभं करतो. एरवी हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. इथे झाडूवाला कितीतरी वेळ झाडत होता आणि सुपलीत काहीच येत नव्हतं. का येत नव्हतं, एवढंच कळायचं होतं. मेमरीचा फोटो काढून पाहू या, असं तिने सुचवलं.

"उत्तर पाहून गणित सोडवणाऱ्यातला मी नाही," नीलकंठभाऊ म्हणाले. "हे आतल्या माणसाचं काम आहे."

मागच्या आठवड्यात नवं काय घडलं, असंही तिने विचारलं. विशेष काही नाही, ते म्हणाले; आपण एक प्रकरण सोडवलं, तेवढंच. एक ट्रक वजनाला जास्त भरत होता. त्यांच्या सखोल चौकशीत निघालं की सळयांवर क्लीनर झोपला होता. त्याला उठवलं, वजन बरोबर आलं.

कौमुदीच्या स्कूटीवर मागे बसून ते उरल्याला गेले. सर्व्हरवरची काळी धूळ त्यांनी कागदाच्या पुडीत घेतली, हुंगली आणि डोळे मिटले. इथली धूळ लोखंडाची, लोखंड चुंबकाचं सोयरं, तेव्हा धूळच मेमरीला चिकटून बसली असणार. साहूजींनी कौमुदीला हळूच विचारलं, "ये साहब कौन हैं?" तिने सांगितलं की आमच्याकडे सर्व्हर पाहतात. सर्व्हर पुसून लख्ख झाला. दुसऱ्या दिवशी काटा लख्ख सर्व्हरवर थांबला.

मग संशय झाडूवाल्यावरच गेला. "जो रोज घरात येते, त्याच्यावर कोणाची नजर नसते," असं म्हणून नीलकंठभाऊंनी त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. झाडणंच बंद. काटा असा धावला की अच्युतराव टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात मेमरी तुडुंब भरली आणि प्रोग्राम आडवा झाला. मग उलट हुकूम निघाला: झाडूवाल्याने क्षणाक्षणाला झाडायचं. त्यावर काटा वरातीसारखा चालू लागला, दोन पावलं पुढे आणि मग उभं राहून कौतुक. शेवटी त्यांनी दुप्पट मेमरी बसवून घेतली. काटा सकाळी थांबायचा तो दुपारी थांबू लागला आणि थांबला की दुप्पट वेळ थांबू लागला, कारण घर मोठं तसं झाडणंही मोठं. ह्याला नीलकंठभाऊ प्रगती म्हणत होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी अनिमेषला धरलं. अनिमेष कचेरीतला सगळ्यांत धाकटा प्रोग्रामर. मराठी त्याला सगळी कळे, उत्तर तो हिंदीत देई. रोज अकरा वाजता तो जागेवरून उठतो, हे नीलकंठभाऊंनी टिपलं होतं.

"काहून उठतोस?"

"भैया, ग्यारह बजे धूप आ जाती है. गाड़ी छाँव में करता हूँ."

"रोज?"

"धूप रोज आती है, भैया."

ह्या उत्तरात नीलकंठभाऊंना पाठ केल्यासारखा सफाईदारपणा दिसला. त्यांनी अनिमेषला दुपारपर्यंत जागेवरून हलायची मनाई केली. उन्हात तापणाऱ्या गाडीकडे खिडकीतून बघत बसलेल्या अनिमेषला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने मेमरीचा फोटो काढला. आत काय साठलं आहे आणि ते कोणी धरून ठेवलं आहे, हे त्यात दिसतं. धरून ठेवणारा एक जण जरी असला तरी झाडूवाला त्या वस्तूला हात लावत नाही. कोणाला तरी ती हवी आहे असं तो समजतो.

अनिमेषने पडदा कौमुदीकडे वळवला. "दीदी, सब ट्रक अंदर हैं. एक भी छूटा नहीं."

सगळे ट्रक एकाच ठिकाणी होते. त्या जागेचं नाव होतं 'कोठडी'.

कौमुदीने असलं काही लिहिलेलं नव्हतं. तिने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. नीलकंठभाऊ शांतपणे म्हणाले की हो, ती त्यांचीच. झोपलेल्या क्लीनरच्या प्रकरणात त्यांनी तिच्या प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या होत्या: काट्यावर येणारा प्रत्येक ट्रक संशयित समजून चौकशीसाठी धरून ठेवायचा. निर्दोष ठरला की सोडायचा, ही ओळ लिहायची राहिली होती. प्रकरण मिटलं. कोठडी भरत राहिली.

"म्हणजे आतलाच माणूस निघाला," ते म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो."

त्या ओळी काढते म्हणून कौमुदीने हात पुढे केला, तर त्यांनी कीबोर्डवर पंजा ठेवला. चौकशीशिवाय सुटका त्यांच्या तत्त्वात बसत नव्हती. एकेकाची जबानी घेऊ, शे-दोनशे ट्रक होतील, आठवड्याभरात उरकेल.

कौमुदी त्यांच्यावर आजवर कधी चिडली नव्हती. आताही तिचा आवाज चढला नाही.

"भाऊ, उद्या साहूजी काट्यावर बसून राहतीन. बाबानं सगळ्या कॉलनीले सांगून ठेवलं आहे. काटा थांबला तर मी घरी काय तोंड दाखवू? सोडा न त्या ट्रकाईले."

नीलकंठभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुराव्याअभावी?"

"पुराव्याअभावी."

त्यांनी पंजा उचलला. कौमुदीने चार ओळी खोडल्या. नीलकंठभाऊ पडद्याकडे पाहून "जा" म्हणाले.

शुक्रवारी काटा थांबला नाही. अकरा वाजले, दुपार झाली. ट्रक चढत होते, आकडा उमटत होता, ट्रक उतरत होते. प्रोग्राम ठीक असल्याच्या कागदावर सही करायला साहूजींनी खिशातून पेन काढलं, तेव्हा शेजारी उभ्या कौमुदीने अच्युतरावांकडे पाहायचं टाळलं. तेवढ्यात फाटकावर गलका झाला. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली होती. रात्रभर गाडी हाकून आलं की काट्याच्या रांगेत घटकाभर डोळा लागायचा, आठवडाभर तर चांगली झोप मिळत होती. आता डोळा मिटायच्या आत नंबर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. साहूजी पेन टेबलावर ठेवून बाहेर गेले. नीलकंठभाऊ त्यांच्यामागे गेले. त्यांच्या मते ह्यामागे कोणाचा तरी हात होता.

संध्याकाळी कचेरीत परतलेल्या कौमुदीला, मिलवरच थांबलेल्या अनिमेषने फाटकावरून फोन केला. काटा सुरू आहे, रांग बंद आहे, सही झालेली नाही. साहूजींनी तिच्यासाठी निरोप दिला होता: काटा रोज थोडा वेळ थांबवता येईल का?