वळणाचे दोनशे

आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या प्रत्येक पायरीवर नंबर आहे. पांढऱ्या ऑइलपेंटनं, ठसठशीत सरकारी आकड्यांत, एक ते चोपन्न. अख्ख्या निपाणीत दुसऱ्या कुठल्या जिन्याला नंबर नसतील. कारण कांबळे अण्णा एकच आहेत आणि ते आमच्या वाट्याला आलेत.

अण्णा तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या. खाली नुसतं पार्किंग, आणि लिफ्टच्या नावानं शंख. अण्णा खानापूरला सरकारी सर्व्हेअर होते. उभा जन्म लोकांची शेतं मोजण्यात आणि बांधावरची भांडणं ऐकण्यात गेला. त्यातनं त्यांनी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवून घेतलीय. जे मोजलेलं नाही आणि लिहिलेलं नाही, ते नाहीच! "बिलावर दाव" हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यालासुद्धा म्हणतात. तो बिचारा कुठलं बिल दाखवणार?

पण अण्णांचा खरा अवतार बघायचा तर घरपोच माल येताना. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचं टुंई टुंई वाजलं की अण्णा जेवता हात धुऊन खाली. बनियन, पायजमा, खिशात मोजपट्टी. माल कुणाचा का असेना. कोल्हापूरच्या टेम्पोशी मराठीत भांडतात, बेळगावच्या टेम्पोशी कन्नडमध्ये. "बिल तोरसप्पा!" अशी बिल दाखवायची आरोळी आली की आम्ही समजायचं, आजचा टेम्पो बेळगावचा.

ते नंबर माझ्या वॉशिंग मशीनपायी पडलेत. दुकानात 'घरपोच मोफत' म्हणून सांगितलेलं. माल उतरवल्यावर ड्रायव्हर म्हणाला, दोन मजल्यांचे सहाशे द्या. मी म्हटलं, अरे बाबा, पहिला मजला आहे. तर म्हणाला, पार्किंगचा एक धरतात. मला बँकेत पोचायचं होतं, मी पर्स काढली. तेवढ्यात वरून आवाज आला, "वैशाली, पर्स झाक!" अण्णा आले, पायऱ्यांवर बोट ठेवत ओंदु, येरडु, मूरु करत अठरापर्यंत मोजून दाखवल्या. मग मोजपट्टीनं पायरीची उंची. पाऊण तासानं मशीन फुकटात वर गेलं आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणून अण्णांनी कायमचा निकाल लावला. सोसायटीचे चेअरमन तणतणत आले, तर त्यांना म्हणाले, "पायरीला नंबर घालू नये असा नियम कुठं लिवलाय, दावा."

चेअरमन आल्या पावली परत.

मला तेव्हा अण्णांचा राग आला होता. पण खरं सांगते, त्या दुकानवाल्यांचा त्याहून जास्त येतो. वस्तू घेताना खुर्ची देतात, थंड पाजतात, ताई ताई करतात. माल दारात आला की एकेक शेपूट बाहेर पडतं. जिन्याचे वेगळे. पुठ्ठा काढल्याचे वेगळे. जुनं मशीन हातभर सरकवल्याचे वेगळे. आणि हे मागतात कधी? एवढं मोठं धूड रस्त्यात उतरवून, मागं रिक्षावाला हॉर्न मारत असताना. माणूस काय करणार, फ्रीज कडेवर घेऊन वर जाणार? झक मारत देतो. आधी सांगितलं असतं तर दिलेही असते हो, हसत दिले असते. पण हे म्हणजे गळा धरून वर पावती न देणं. दरोडेखोर मेले!

आता आक्का. अण्णांची बायको. गेल्या साली न्हाणीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. बेळगावला ऑपरेशन झालं. पुण्याच्या पुतण्यांनी खुर्चीत बसवून वर आणलं आणि ते पुण्याला गेले. त्यानंतर चौदा महिने आक्का तिसऱ्या मजल्यावरच. घरातल्या घरात चार पावलं टाकायच्या, तीही अण्णांच्या खांद्याला धरून. पुढं पुढं तेही कमी झालं, आणि जुन्या खाटेवर पडून पडून पाठीला जखम व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, डोक्याकडनं वर उचलता येते तसली लोखंडी खाट आणा, ताबडतोब आणा. जखम वाढली तर अवघड आहे.

अण्णांनी बेळगावात भाव काढले, मग कोल्हापूरला गेले. तिथं बरीच स्वस्त मिळाली. जवळजवळ सगळे पैसे भरले, चार हजार माल आल्यावर द्यायचे. दुकानदाराकडनं बिलावर लिहूनच घेतलं, 'घरपोच, तिसरा मजला.' अण्णाच ते.

दुसरा शनिवार होता, म्हणून मी घरी होते. अकराच्या सुमारास जिन्यातनं अण्णांचा आवाज आला. फोनवर होते. ड्रायव्हर कोगनोळीच्या नाक्यावरनं बोलत होता. राज्य बदललं, सातशे जास्तीचे पडतील म्हणे.

"निपाणी कर्नाटकात हाय हे तुझ्या शेठला आज कळलं व्हय?" अण्णा ओरडले. "सीमेचा वाद माझ्या जन्मापास्नं चाललाय. आन त्यो तू माझ्या खाटंवर मिटवायलायस? ये गप गाडी घिऊन!"

टेम्पो आला. ड्रायव्हर आणि दोन हमाल, मारुती आणि बाळू. दोघंही पन्नाशीकडं झुकलेले. खाट लांबलचक, दोन भागांत, जाडजूड लोखंड. ती गाडीतच ठेवून ड्रायव्हरनं हिशेब सांगितला. नाक्याचे सातशे. चार मजल्यांचे बाराशे, पार्किंग धरून. आणि वळणाचे दोनशे.

"कसलं वळण?"

"जिन्याला वळण हाय की. लांब वस्तू वळवायला लागती. त्येचं दोनशे."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "जिन्याला वळण नसलं तर त्येला शिडी म्हणत्यात, मर्दा! बिलावर दाव. वळण कुठं लिवलंय दाव!"

मग दुकानदाराला फोन. अण्णांनी स्पीकर लावला, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला साक्षीला ठेवलं. पलीकडचा माणूस तुपात घोळून घोळून बोलत होता. "कांबळेसाहेब, घरपोच म्हणजे बिल्डिंगच्या गेटपोच. सगळीकडं असंच असतंय."

"मग गेटात झोपवू काय तिला?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

ड्रायव्हर म्हणाला, पैसे नसतील तर खाट परत नेतो, आणि गाडीत चढून त्यानं टेम्पो चालू केला. अण्णा टेम्पोपुढं उभे. बिल छातीशी धरून उन्हात उभे! मी वरनं बघत होते. माझं डोकंच फिरलं, तशीच चपला घालून खाली गेले.

"अण्णा, पुरे!" मी ओरडले. "एकवीसशे रुपड्यांसाठी खाट परत घालवता? तुमचं तत्त्व झोपायचं नाही त्या खाटेवर, आक्का झोपणार आहेत! पाठ सोलून निघालीय त्यांची. तुम्हाला जमत नसेल तर मी देते पैसे!"

नेहमी एकाला चार ऐकवणाऱ्या माणसानं बनियनच्या आतल्या खिशातनं नोटा काढल्या. मला एकदम वाटलं, आपण जास्त बोललो.

नोटा ड्रायव्हरच्या हातावर ठेवता ठेवता ते थांबले. मारुतीकडं वळले. "ह्यातलं तुमास्नी किती?"

मारुती ड्रायव्हरकडं बघायला लागला.

"अरं, जिना तुम्ही चढणार. वळण तुम्ही वळवणार. तुमास्नी किती?"

"आमाला पगार हाय, अण्णा," मारुती म्हणाला. "जिन्याचं शेठला."

मग जो भडका उडाला, तसा मी कधी बघितला नव्हता. अण्णांनी पुन्हा फोन लावला. "माझा बाप तंबाखूच्या वखारीत हमाल हुता!" ते ओरडत होते. "पाठीवर पोतं घेतल्यावर काय हुतंय मला ठावं हाय! वझं ह्येंनी न्यायचं आन पैसे तू गल्ल्यावर बसून घ्यायचं? तू ये. कोल्हापुरास्नं ये, खाट डोक्यावर घे, चोपन्न पायऱ्या चढ, वळणावर वळ. एकवीसशे न्हाय, पाच हजार देतो!"

पलीकडनं फोन कट झाला. मला सांगायला लाज वाटत नाही, मी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं शेठचा ड्रायव्हरला फोन आला. राहिलेले चार हजार घे, माल पार्किंगात टाक आणि ये. अण्णांनी चार हजार मोजून दिले, त्याची सही घेतली. खाट पार्किंगात उतरली.

"अण्णा, आमी नेतो वर," बाळू हळूच म्हणाला. "शेठला काय कळू देऊ नगा."

"किती घेणार? आत्ताच बोल."

"द्या पाचशे. दोघांत."

अण्णांनी घासाघीस केली नाही. ड्रायव्हर रागारागानं गाडीत जाऊन बसला आणि मारुती-बाळूंनी पहिला भाग उचलला. मीही मागनं गेले. वळणावर दोघं थांबले, श्वास घेतला, खाट उभी केली, भिंतीला ओरखडासुद्धा न पाडता फिरवली. अण्णा वरच्या पायरीवर उभे राहून नुसते त्यांचे हात बघत होते.

खाट लागली. आक्कांना तिच्यावर बसवलं, मागची बाजू वर केली. आक्का टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हां. बरं वाटलं." मारुती-बाळूंनी पाणी पिऊन घाम पुसला. अण्णांनी पाचशे दिले. झालं, मी निघणार, तेवढ्यात अण्णा दारात आडवे आले.

"बाबांनो, आनी एक काम हुतं." आवाज इतका खाली की मला वाटलं, दुसरंच कोण बोलतंय. "हिला जरा खाली न्याल काय? खुर्चीत बसवून. दहा मिंटं रस्ता बघू दे, मग परत वर आणायची. तुमी खाट लई जपून आणलीसा. असंच जपून. काय लागतील त्ये सांगा."

मी तिथंच उभी होते. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही.

चौदा महिने मी त्यांच्या दोनच मजले खाली राहत होते. मी आहे, माझा धडधाकट नवरा आहे, दुसऱ्या मजल्यावरचे पाटील आहेत, चेअरमन आहेत. अण्णा जिन्यात भेटले की आम्ही सगळे म्हणायचो, "अण्णा, काही लागलं तर सांगा हं." म्हणायचो आणि चावी लावून घरात जायचो. उत्तराला थांबायचोसुद्धा नाही. आणि हा माणूस कोल्हापूरच्या परक्या हमालांपुढं हात जोडून उभा होता. हमालाला भाव विचारता येतो. शेजाऱ्याला कसा विचारणार? मघाशी मी रस्त्यात उभी राहून त्यांना त्यांच्याच बायकोचा कळवळा शिकवला होता. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं वाटलं मला.

"सांगा की, किती?" अण्णा पुन्हा म्हणाले.

"आता हो," मारुती पुटपुटला, "माणसाचा काय भाव सांगायचा."

आक्का म्हणाल्या, "थांबा, लुगडं बदलू द्या." सगळे थांबले. मी आत जाऊन त्यांना नेसायला मदत केली. मग हात असलेली लाकडी खुर्ची, आक्कांच्या कमरेभोवती चादर बांधून घेतलेली. पुढं बाळू, मागं मारुती. अण्णा बाजूनं, आक्कांचा हात धरून, एकेक पायरी मोठ्यानं सांगत.

खाली गेटाजवळ खुर्ची ठेवली. आक्कांनी रस्त्याकडं बघितलं. "डांबर घातलं की हितं," म्हणाल्या. डांबर पडून सहा महिने झाले होते. बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या दुकानाला लावलेला नवा रंग बघितला, जाणाऱ्या दोन बायकांना हाक मारून नावानिशी विचारपूस केली. टेम्पोचा हॉर्न वाजत होता, तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

परत वर जाताना मी पहिल्या मजल्यावर त्यांना अडवलं. "आक्का, घरात या."

"येऊ?" त्यांनी अण्णांकडं बघून विचारलं.

खुर्ची माझ्या हॉलमध्ये आली. मी चहा टाकला. मारुती-बाळूंना आत बसवलं, बशीत खारी दिली. अण्णा मात्र उंबऱ्याबाहेरच. "न्हाय, ह्येंचा वेळ चाललाय," म्हणत नोटा मोजत होते. "मारुती, थांबायचं वेगळं लाव."

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. चा पितोय की आमी."

"ऱ्हाऊ द्या म्हंजे? थांबायचं घ्यायला पायजे तुमी! का घेत न्हाईसा?"

खालनं पुन्हा लांबलचक हॉर्न आला. अण्णा जिन्याच्या खिडकीतनं वाकून ओरडले, "अरं थांब! मोज तुझी मिंटं आन लाव किती लावायचं त्ये! आज थांबायला लागंल तुला!"

मी त्यांचा दंड धरला आणि आत ओढून आक्कांशेजारी बसवलं. बसले. आक्का कप दोन्ही हातांत धरून माझं घर बघत होत्या, पडदे, फ्रीज, कोपऱ्यातलं वॉशिंग मशीन. चहा संपला तसा त्यांनी कप पुढं केला.

"अजून घोटभर हाय काय गं?"

पातेल्यात काही उरलं नव्हतं. मी दुधाची नवी पिशवी फोडली.