मास्कमागचा नवरदेव

दोन हजार वीस साल बडनेऱ्याच्या डोमाजी तायडेंनी घरात बसून काढलं. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस कोरोनाला इतका भ्यायला, की वांग्यांना साबण लावून आंघोळ घालायचा. (बायकोला, भागीरथाबाईंना, एकदा फोडणीचा ठसका लागला, तर हे गृहस्थ दिवसभर गच्चीवर जाऊन बसले. जेवण मात्र वर मागवलं.)

पण एक जानेवारीला सकाळी त्यांनी जाहीर केलं, "बस झालं आता भेणं! या वर्षी आपल्या ललितचं लगन जमवूनच टाकू." आणि नव्या वर्षाचा उत्साह म्हणून केस काळेभोर करून घेतले.

स्थळ अकोल्याचं होतं. मुलगी माया, शाळेत शिक्षिका. डोमाजींनी मुलीच्या वडिलांना, किशोररावांना, फोनवर अट घातली, "बैठक अंगणात. मास्क कोणीच काढाचा नाही."

रविवारी तिघं अकोल्याला पोचले. जयभीम झाला. गल्लीत ललितची गाडी वळेना, म्हणून किशोरराव त्याला "येऊ द्या, येऊ द्या" करायला गेले. अंगणात उरले डोमाजी, भागीरथाबाई आणि समोर मायाची आजी, पार्बताबाई. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे राहिलेलं, आणि कानही जरा जड. त्यांना दिसले ते काळे केस आणि मास्क. त्यांनी लगेच चौकशी सुरू केली.

"नोकरी कुठं हाय, बापू?"

"रेल्वेत होतो, माय."

"होतो? सुटली काय?"

"सुटली नाही, संपली. आता घरीच असतो."

"अन् घरी काय करता?"

"सकाळी वाफ घेतो, संध्याकाळी काढा घेतो."

मास्कमधून आजींना 'संध्याकाळी घेतो' एवढंच ऐकू आलं. त्यांनी कपाळाला हात लावला. तरी शेवटचं विचारलं, "मंग लगन काऊन राहिलं तुमचं?"

"माहं? माहं कुठं राहिलं! हे काय, बायको बाजूलेच बसली."

पार्बताबाई ताडकन उठल्या. "किशोर! अरे धाव! हा बुवा बायकोले संग घेऊन दुसरी पाह्याले आला!"

शेजारपाजारचे कुंपणाशी गोळा झाले. डोमाजी ओरडत होते, "माय, मी नवरदेवाचा बाप हावो, बाप!"

"असा कोळशावानी केसायचा बाप असते काय? तोंड दाखव पहिले!"

डोमाजी घामाघूम झाले. इकडे कोरोना, तिकडे पोराचं लग्न. शेवटी त्यांनी श्वास रोखला, डोळे मिटले आणि मास्क खाली ओढला.

वर काळंभोर डोकं, खाली पांढरीशुभ्र मिशी. (डाय डोक्यालाच पुरला होता. मास्कखाली कोण पाहून राहिलं, असा हिशेब.)

अंगण हसून हसून लोळलं. पोहे घेऊन आलेल्या मायाचा ट्रे असा कलंडला, की नुकत्याच आत आलेल्या ललितनं तो धावत जाऊन धरला. मग दोघंही ट्रे धरून हसतच राहिले. पार्बताबाईंनी हात जोडले, डोमाजींनीही जोडले. श्वास मात्र त्यांनी मास्क परत चढवल्यावरच सोडला.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत डोमाजी हातांना सॅनिटायझर चोळत होते. तेवढ्यात भागीरथाबाईंचा फोन वाजला. बोलणं संपवून त्या हसतच म्हणाल्या, "पसंती आली! पोरगी म्हणते, ज्या बाईनं वर्षभर असं ध्यान घरात सांभाळलं, तिच्या हाताखालचा पोरगा चांगलाच असन."

डोमाजींना हायसं वाटलं. जरा सावरून बसत त्यांनी विचारलं, "बरं, अन् माह्याबद्दल काही बोलली काय?"

"आत्ता सांगतलं ते कोणाबद्दल होतं?"