१९९ एप्रिलचं बारसं

दोन माणसं एकाच वेळी एकच ओळ खोडायला लागली तर काय करायचं, हे मला विचारा! मरोळच्या ऑफिसात मी याच कामाचा पगार घेते. एका फाईलीत दहाजण एकदम घुसून लिहायला लागले तरी कोणाचं अक्षर कोणाच्या डोक्यावर चढू नये, हे बघणारी मी! सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. पण डोकं कुठे रजेवर जातं?

तेव्हा लेकीच्या बारशाची पत्रिका अशाच फाईलीत करायची मी ठरवलं. म्हटलं, ग्रुपवर भांडणं नकोत, सगळ्यांनी एकाच जागी लिहा. मुलुंडहून मी आणि सासूबाई, बोरिवलीहून नणंद दिशा आणि समुद्रातून सुयोग. सुयोग म्हणजे माझा नवरा, मालवाहू जहाजावर इंजिनियर. लेकीला त्यानं अजून हातात घेतलेलं नाही. फोटो मोठा करकरून बघतो आणि विचारतो, "नाक नक्की कोणाचं गं?"

फाईलीत जो जिथे लिहीत असेल, तिथे त्याची एक रंगीत काडी लुकलुकते. त्याची निळी. जहाजाला नेट मिळालं की उगवायची, नाहीतर दोन-दोन दिवस पत्ता नाही. दुपारी लेक झोपली की मी भांडी तशीच टाकून फाईल उघडायची. पत्रिकेत सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी 'निमंत्रण'वरचं टिंब काढायची, परत द्यायची! काय करणार, निळी काडी शेजारी येऊन उभी राहिली की खांद्याला खांदा लागल्यासारखं वाटायचं.

सासूबाईंची काडी हिरवी. त्या टाइप करत नाहीत, मोबाईलशी बोलतात. त्यामुळे पत्रिकेत एकदा 'सहकुटुंब सहपरिवार गॅस बंद कर गो' असं आलं.

"आई, हे काय?"

"मी खंय लिवलंय? तो मोबाईल लिवता!"

बारसं ठरलं होतं रविवारी, १२ एप्रिलला. सुयोगशिवाय. मी कोणाला काही बोलले नव्हते, पण पाळण्याला लावायच्या माळा बघता बघता माझे डोळे उगाच भरायचे. आणि एका दुपारी घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. 'बदली माणूस मिळाला! १७ला उतरतोय! बारसं १९ला करा!'

मी किंचाळलेच. लेक दचकून उठली. तिला म्हटलं, "रड बाई, आज कितीही रड!"

तिकडे त्यानं स्वतःच फाईलीत १२ मधला २ खोडून ९ घातला. त्याच क्षणी, त्याचाच मेसेज वाचून, दिशानंही तेच केलं. खोडायला २ एकच होता, तो एकदाच गेला. ९ मात्र दोघांचे दोन आले. रविवार, दिनांक १९९ एप्रिल!

"दिशा, १९९ झालंय!" मी फोनवर.

"दिसतंय ना यार! काढते एक."

"थांब, मी काढते."

"अगं, काढला पण!"

मीही काढला होता. तिनं पहिला, मी दुसरा. उरला नुसता १. रविवार, १ एप्रिल!

आम्ही दोघी फोनवर खिदळत बसलो. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, चेहरा आनंदानं टम्म फुगलेल्या पुरीसारखा. "माझो झील येता म्हटल्यावर उशीर कित्याक? पाठवलंय पत्रिका गावच्या ग्रुपवर!"

वाट लागली!

मी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'तारीख चुकली. बारसं १९ एप्रिलला.' त्यावर सुयोगचा चुलतभाऊ चंद्रप्रकाश लिहितो, 'एप्रिल फूल करता काय वहिनी? आम्ही १लाच येणार!' खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी जितकं समजावलं, तितकी ती रांग वाढली!

आणि एक तारखेला, बुधवारी, सकाळीच बेल वाजली. दारात मानखुर्दचे दत्ताराम काका, हातात चांदीचे वाळे. मागे काकी. त्यांच्या मागे जिनाभर गाववाले! आणि घरात पोहे वाटीभर.

"काका, बारसं एकोणीसला आहे हो!"

"असू दे गो! आता इलंव ना? पाळणो हालवया, नाव ठेवया, मोकळे होवया!"

"नाव आत्या ठेवते. आत्या बोरिवलीला आहे!"

"मग काकी ठेवतली!"

काकी पाळण्यावर वाकल्यासुद्धा! मी लेकीला उचलून छातीशी धरलं. "नाही! तिचे बाबा आल्यावरच." आवाज इतका चढला की काकी दचकून मागे सरकल्या.

नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल लागला. सुयोग! त्याला दिसलं काय, तर नटलेली माणसं, वाळे, रिकामा पाळणा. चेहरा एकदम नासलेल्या चहासारखा झाला.

"ठेवलंत नाव? माझ्याशिवाय?"

"नाही रे!" मी म्हणाले. आणि त्याच क्षणी काका मोबाईलात तोंड घालून ओरडले, "होय, होय! दिसतंस रे!"

"असू दे," सुयोग म्हणाला.

"अरे ऐक..."

"अगं मी..."

"बोल."

"नाही, तू बोल."

"अगं तू..."

"अरे तू..."

नेट गेलं. उघड्या तोंडाचा नवरा पडद्यावर तसाच गोठून राहिला.

गाववाले चहा पिऊन गेले. दुपारी मी फाईल उघडली. आधी सासूबाई आणि दिशा, दोघींचं लिहिणं बंद करून टाकलं. मग पत्रिकेच्या खाली, मोकळ्या जागी लिहिलं, 'नाव ठेवलेलं नाही. तू आल्याशिवाय ठेवणार नाही. फार आठवण येते.' आणि बसून राहिले. चहावर साय धरली. लेकीनं कूस बदलली. मग निळी काडी उगवली. माझ्या ओळीवरून हळूहळू सरकली, परत मागे आली, पुन्हा सरकली. मग त्यानं लिहिलं, 'हे तू लिहिलंस की आईच्या मोबाईलनं?'

मी 'मीच लिहिलंय' असं लिहायला घेतलं. 'मी' एवढं झालं आणि पाळण्यातून भोंगा! लेकीला खांद्यावर टाकून परत आले, तर खाली त्याचं उत्तर आलेलं.

'मी पण.'

काय 'मी पण', ते मी विचारलं नाही. इंजिनियर माणूस! विचारलं असतं तर कुठल्यातरी पंपाचं सांगत बसला असता!